भरतीच्या फॉर्मवर जुनी केस लिहायची का?

मागे आमचा एक माजी विद्यार्थी अब्बांना घेऊन घरी आला. पोलीस भरतीत निवड झालेली, हातात साक्षांकन नमुना. ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ या रकान्यापाशी दोघं अडकले होते. एकोणिसाव्या वर्षी गल्लीतल्या मारामारीत पोराचं नाव आलं होतं. पुढे कोर्टाने निर्दोष सोडलं. अब्बांचं म्हणणं, "सर, सुटलाय ना? मग कशाला लिहायचं?"

आम्ही म्हटलं, लिहाच. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातली नोंद निघतेच, आणि मग मारामारीपेक्षा लपवणं महागात पडतं.

२१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याची नीट फोड केली. माहिती खरी द्यायची. तरुणपणी घोषणा दिल्या, असला किरकोळ गुन्हा सांगायचा राहिला, तर मालक तो माफ करू शकतो. गंभीर गुन्हा लपवला तर नेमणूक रद्द होऊ शकते. पण खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. संपलेली केस कळवली तरी पूर्वेतिहास तपासण्याचा हक्क मालकाकडे राहतोच.

आम्हाला हे पटतं, एका अटीवर. गुन्हा कोणता, वय काय होतं, निकाल काय लागला, आणि कामाशी त्याचा संबंध काय, हे बघूनच ठरवावं. पतसंस्थेच्या रोखपालाची जुनी अफरातफर बघायलाच हवी. पण यंत्रमागावर बसणाऱ्याला मोर्चातली केस का आडवी यावी? अमेरिकेत १९९८ मध्ये हवाई राज्याने कायदाच केला की, नोकरी देऊ केल्यावरच गुन्ह्याची नोंद विचारायची. आपल्याकडे खासगी मालकांसाठी तसा कायदा नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी मात्र आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४: बाल न्याय मंडळाने दोषी ठरवलं तरी ते पुढे अपात्रतेचं कारण होत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालतो, तो याला अपवाद.

आता घरचं बोलू. सरकारी खात्याला नावं ठेवताना आपले दुकानदार, कारखानदार, शाळांचे विश्वस्त काय करतात? "पोलीस केस होती म्हणे," एवढ्यावर पोराला दारातून परत पाठवतात. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अटक झालेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षं तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटले आणि पुन्हा शाळेत शिकवू लागले. आपल्या किती संस्थांनी असा माणूस रुजू करून घेतला असता?

फॉर्म भरताना शब्द नीट वाचा. अटक, गुन्हा दाखल, खटला, शिक्षा हे चार वेगळे प्रश्न आहेत. ‘कधी’ असं विचारलं असेल तर लॉकडाउनमधली, मागे घेतलेली केसही लिहा. निकालाची प्रमाणित प्रत जोडा.

अब्बांनी तेवढंच विचारलं, "कोर्टात प्रत कुठल्या खिडकीवर मिळते?" दुसऱ्या दिवशी आम्हीच सोबत गेलो.