हिरवळीचे खत : कॉम्फ्री की ताग?

खत म्हटले की उकिरड्यावरचे शेणखत किंवा युरियाची गोणी आपल्या डोळ्यांपुढे येते. पण वाफ्यातच उगवायचे आणि कोवळे असतानाच मातीत गाडायचे, असेही एक खत आहे. त्याला हिरवळीचे खत म्हणतात. घरच्या परसबागेत त्यासाठी कोणती वनस्पती निवडावी?

इंग्लंडमधील बागवानांना विचाराल, तर ते कॉम्फ्रीचे नाव सांगतील. मोठ्या, केसाळ पानांची ही वनस्पती थंड, ओलसर हवेत जोमाने वाढते. लॉरेन्स हिल्स यांनी १९५० नंतर एसेक्स परगण्यातील बॉकिंग येथे तिच्या निरनिराळ्या जाती लावून पाहिल्या. त्यांतील ‘बॉकिंग १४’ ही जात प्रसिद्ध झाली. कॉम्फ्रीची पाने कापून मातीवर पसरली की लवकर कुजतात आणि भरपूर पालाश देतात.

मग वाशिमच्या परसातही कॉम्फ्रीच लावावी का? उत्तर देण्याआधी आपल्या मातीची गरज पाहू.

माती काय मागते?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सर्व तालुक्यांतील काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीत पालाश सहसा पुरेसा असतो. कमतरता असते ती नत्राची आणि सेंद्रिय द्रव्याची. म्हणजे कॉम्फ्री जे देते ते येथे आधीच आहे! शिवाय मे महिन्याच्या उन्हात तिला जगवायला पाणी घालत बसावे लागेल, ते वेगळेच.

नत्राची खाण मात्र आपल्या डोक्यावरच आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ते सोडवायला खत कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू साध्या तापमानात करतात. हेलरीगेल आणि विलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये ही गोष्ट जगापुढे मांडली. म्हणून आपली निवड ताग! तोही शेंगावर्गीयच.

लागवड आणि गाडणी

मृगाचा चांगला पाऊस झाला, की ३ मीटर लांब व २ मीटर रुंद वाफ्यात ३० ते ४० ग्रॅम बी फेकून मातीआड करावे. तुरीच्या व मुगाच्या मुळांतील जिवाणू तागालाही चालतात. म्हणून नव्या वाफ्यात तुरीच्या शेतातील ओंजळभर माती मिसळावी. ४५ ते ५० दिवसांनी पिवळी फुले दिसू लागताच ताग कापावा, त्याचे तुकडे करावेत आणि ओल असतानाच कुदळीने मातीत गाडावेत.

थोडे गणित करू. अशा वाफ्यात सुमारे १२ किलो हिरवा पाला मिळाला व त्यात अर्धा टक्का नत्र धरला, तर तो ६० ग्रॅम होतो. म्हणजे जवळजवळ १३० ग्रॅम युरियाइतका! यातील काही नत्र मातीतूनच घेतलेला असतो, पण उरलेला हवेतून मिळालेली कमाई होय.

मात्र उशीर झाला तर? ताग जून होतो, त्याची काडी लाकडासारखी बनते. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कर्बाबरोबर नत्रही लागतो. जून काडीत कर्ब फार, नत्र थोडा. मग ते मातीतील नत्र उचलतात आणि आपली मेथी पिवळी पडते. तुराट्या किंवा पऱ्हाट्या तशाच गाडल्यास हेच घडते. खत घालूनही पीक उपाशी!

गाडल्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून भाजी लावावी. वाफा रिकामा ठेवणे जमत नसेल, तर कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या लावाव्यात. हेही शेंगावर्गीय झाड आहे. त्याचा कोवळा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून वाफ्यात घालता येतो.

एक सावधगिरी : तागाचे बी विषारी असते. ते तोंडात घालू नये, जनावरांपुढेही टाकू नये.

करून पाहा

तागाचे एक रोप मुळासकट हलकेच खणून काढा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्राचा कारखाना चालू आहे असे समजा. आता सारखी माती भरलेल्या तीन कुंड्या घ्या. एकीत कोवळा ताग, दुसरीत तेवढ्याच वजनाची बारीक केलेली वाळकी तुराटी मिसळा. तिसरीत काहीच घालू नका. तिन्हींना सारखे पाणी द्या. तीन आठवड्यांनी मेथी पेरा आणि पानांचा रंग व उंची वहीत नोंदवा. कोणते खत मातीला देते आणि कोणते तिच्याकडूनच उसने घेते, हे मेथीच तुम्हाला सांगेल.