थव्याचा म्होरक्या कोण?

आमच्या भिवंडीत रात्र झाली तरी यंत्रमागांची खटखट थांबत नाही. नक्षीचे कापड विणणारा माग कधी जवळून पाहिला आहे काय? त्याच्या डोक्यावर जॅकार्ड नावाची जोडणी असते. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ती तयार केली. मूळच्या जोडणीत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरत असे. जेथे भोक असेल तेथला ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तेथला खालीच राही. कापडावर उमटणारे फूल आधीच पुठ्ठ्यात लिहिलेले! हुकूम देणारा एक आणि ऐकणारे धागे हजार.

हा माग डोळ्यांसमोर ठेवा आणि माझ्याबरोबर सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात चला. तेथे उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ माझ्या थोरल्या मावसभावाची ज्वारीची शेती आहे. जानेवारीत कणसे भरू लागली की तेथे भोरड्या उतरतात. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. हिला कोणी पळस मैना म्हणतात. मध्य आशियाच्या बाजूस तिची वीण होते आणि हिवाळा काढायला ती आपल्याकडे येते. ती टोळ व नाकतोडे फस्त करते हे खरे; पण ज्वारीही सोडत नाही. म्हणून आप्पा दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन उभे असतात.

संध्याकाळी मात्र गोफण खाली ठेवून तेही आकाशाकडे पाहतात. रात्रीच्या मुक्कामापूर्वी हजारो भोरड्या एकत्र उडू लागतात. थवा क्षणात गोळा होतो, क्षणात पातळ होऊन लांबतो, मध्येच पिळल्यासारखा वळतो. एकमेकींवर आपटून खाली पडलेली भोरडी मी तरी पाहिली नाही.

मी विचारले, “आप्पा, ह्यांचा म्होरक्या कोण असेल?”

“म्होरक्या म्होरंच असतोय की! दिसत न्हाई व्हय?”

दिसत होता, पण फार वेळ नाही. थवा डावीकडे वळला आणि पुढे असलेले पक्षी उजव्या कडेला गेले. असे का व्हावे? शाळेच्या संचलनात रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो. म्हणून पुढची रांग पुढेच राहते. पक्ष्यांना हवेत पाय आपटत उभे राहता येत नाही. सगळे जवळजवळ सारख्याच वेगाने आणि सारख्याच त्रिज्येच्या वर्तुळात वळतात. कागदावर चार ठिपके आणि चार सारखे कंस काढून पाहा; पुढचा ठिपका आपोआप कडेला जाईल. म्हणजे दर वळणाला पुढारी बदलतो. असला पुढारी काय कामाचा?

मग हुकूम येतो कोठून? एडमंड सीलस नावाच्या इंग्रज निरीक्षकाने वर्षानुवर्षे थवे पाहिले आणि १९३१ मध्ये पुस्तक लिहून सुचवले की, पक्ष्यांचे विचार एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात थेट जात असावेत. त्याला हसू नका. त्याचे निरीक्षण पक्के होते. उणीव होती ती मोजमापाची.

ते मोजमाप रोम शहरात झाले. तेथेही हिवाळ्यात भोरडीच्या जातभाईंचे, म्हणजे युरोपी मैनांचे, प्रचंड थवे जमतात. जॉर्जो पारिसी, आंद्रेआ काव्हान्या, इरेने जार्दिना हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी रेल्वे स्थानकाजवळच्या एका संग्रहालयाच्या छतावर कॅमेरे घेऊन बसले. (पारिसींना पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले; ते मात्र पक्ष्यांसाठी नव्हे.) आपल्या दोन डोळ्यांना अंतर कळते त्याच तत्त्वावर, निरनिराळ्या जागांवरून एकाच क्षणी, सेकंदाला दहा या वेगाने छायाचित्रे घेतली आणि संगणकाच्या मदतीने प्रत्येक पक्ष्याचे अवकाशातील स्थान काढले.

२००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या फक्त सहा-सात शेजाऱ्यांचे भान ठेवतो. गंमत अशी की, हे शेजारी किती मीटरवर आहेत याला महत्त्व नाही. थवा दाट असो वा विरळ, शेजारी सहा-सातच. यातच त्याचा जीव वाचतो. ससाणा झडप घालतो तेव्हा थवा फाकतो. ‘दोन मीटरच्या आतले तेवढे माझे’ असा नियम असता, तर फाकताच कित्येक पक्षी एकटे पडले असते आणि ससाण्याला एकटा पक्षीच तर हवा असतो. सहा-सातांचा धागा मात्र कितीही ताणला तरी तुटत नाही.

याच गटाने पुढे २०१४ मध्ये दाखवले की, वळण्याची वार्ता थव्यातून सेकंदाला २० ते ४० मीटर वेगाने पसरते आणि वाटेत विरत नाही. सीलसला जे मनकवडेपण वाटले ते हेच.

आता एक कोडे. केवळ शेजाऱ्याकडे पाहून साऱ्या थव्याला एक दिशा कशी मिळते? १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पडद्यावर खोटे पक्षी उडवून दाखवले. त्यांना तीनच नियम दिले होते : शेजाऱ्यावर आपटू नका, त्याच्या दिशेने चला, घोळक्यापासून दूर जाऊ नका. थवा तयार झाला! १९९५ मध्ये हंगेरीच्या टामाश व्हिचेक यांनी आणि सहकाऱ्यांनी एकच नियम ठेवला : शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी घ्या, आणि त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळली. चूक कमी असली तर सारे एका दिशेला जातात; ती मर्यादेबाहेर वाढवली की गोंधळ माजतो. तुम्हाला काही आठवले का? लोखंडाचा चुंबक ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचे चुंबकत्व असेच नाहीसे होते. तेथेही प्रत्येक अणू शेजाऱ्याचेच ऐकत असतो. भौतिकशास्त्राची माणसे पक्ष्यांच्या मागे का लागली, हे आता लक्षात आले असेल.

व्हिचेक यांच्या गटाने हे ज्ञान यंत्रांना शिकवले. त्यांनी २०१४ मध्ये १० आणि २०१८ मध्ये ३० ड्रोन मोकळ्या आकाशात एकत्र उडवले. प्रत्येक ड्रोन आपले स्थान जवळच्यांना कळवी आणि आपला निर्णय आपणच घेई. यापूर्वी तुम्ही दिल्लीचा कार्यक्रम पाहिला असेल. २९ जानेवारी २०२२ रोजी तेथे १००० ड्रोननी आकाशात चित्रे काढली. दृश्य देखणे होते. पण अशा कार्यक्रमात प्रत्येकाचा मार्ग आधी आखलेला असतो. ते आमच्या भिवंडीचे जॅकार्ड, फक्त आकाशातले. अनोळखी जागी, मध्येच झाड आडवे आले तर भोरडीचीच रीत उपयोगी.

थव्याला बुद्धी आहे असे म्हणावे काय? मला वाटते, बुद्धी नेहमी एखाद्या डोक्यातच असली पाहिजे हा हट्ट सोडावा लागेल. थव्याचा आकार एकाही भोरडीला ठाऊक नसतो.

तुम्हीही प्रयोग करा. मैदानावर तीस-चाळीस जण जमा. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. जवळच्या चौघांकडे पाहून त्यांच्या दिशेने सावकाश चालायचे. एकाच्या कानात आधी सांगून ठेवा की, त्याने पिंपळाकडे जायचे. माझ्या विद्यार्थ्यांनी हे केले तेव्हा पहिल्यांदा सारे जण कुंपणाला जाऊन भिडले आणि पोट धरून हसले; तिसऱ्यांदा मात्र पिंपळाखाली पोचले. कोणाला सांगितले होते ते शेवटपर्यंत कोणी ओळखले नाही. चौघांऐवजी एकाकडेच पाहिले तर काय होते, ते करून पाहा आणि संपादकांना पत्राने कळवा.