मासोळी पहाटे वर का येते?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावाला दिवसातून दोन वेळा एकत्र बसवलं. पहाटे सामुदायिक ध्यान, दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, पण महाराजांची तरुणपणीची साधना झाली ती आमच्या बाजूच्या जंगलात, चिमूरजवळच्या गोंदेड्याला. म्हणूनच झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, ‘जय गुरु’ म्हणणारी माणसं गावोगाव आहेत. मला हे ध्यान आवडतं त्याचं कारण असं की ते आसनावर संपत नाही. ध्यान झालं की रामधून निघते, आणि रामधुनीसोबत झाडू निघतो.

मी चामोर्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून गावच्या ध्यान मंडळाबरोबर पहाटे बसते. आमची बैठक तलावाच्या पाळीवर असते. तिथे डोळे मिटले की आधी कान उघडतात. टिटवी, दूरचा कोंबडा, आणि पाण्यावर ‘पुक् पुक्’ असा बारीक आवाज. ध्यान संपल्यावर पाहिलं तर रोहू आणि कतल्याची पिल्लं तोंडं वर काढून हवा गिळत होती. शेजारी जाळं आवरत असलेले ढिवर मोहल्ल्यातले आजोबा म्हणाले, “बाई, मासोळी वर येऊन राहिली म्हणजे खाली दम कोंडते. ऊन निघालं का जाईल खाली.”

आजोबांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आमच्याकडच्या ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात मात्र लिटरमागे तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे मासा आधीच काटकसरीत जगतो. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाचा कुजता गाळ असे सगळे मिळून तो वापरतात, नवीन काही बनत नाही. त्यामुळे सूर्य उगवण्याआधीच्या घटकेला पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मरळ, मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, ते तगतात. रोहू, कतला तगत नाहीत. आभाळ सलग भरलेलं राहिलं तर एखाद्या सकाळी पाण्यावर पांढरी पोटं दिसतात आणि गावात बोललं जातं की कोणी तरी विष टाकलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा विष कोणी टाकलेलं नसतं. गावानेच महिनोन्‌महिने पाण्याला जास्तीचं खाऊ घातलेलं असतं.

काय खाऊ घातलं? रोवणीनंतर बांधीत टाकलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर तलावात उतरतो. गल्लीतली नाली तलावालाच मिळते. गणपती, शारदा, दुर्गा यांचं निर्माल्य तिथेच जातं. एवढ्या खुराकावर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना प्राणवायू खातं. त्यात कोणी फवारणीचा पंप तलावातच खंगाळला तर उरलंसुरलं संपलं. हे सगळं दुपारी तलावाकडे पाहून कळत नाही. दुपारी पाणी हिरवंगार आणि शांत दिसतं. दुखणं पहाटे बोलतं, आणि पहाटे तिथे असतात ते फक्त ढिवर आणि ध्यानाला बसलेली माणसं.

जगात ठिकठिकाणी लोक नदीकाठी जमून पाण्यासाठी ध्यान करतात. जपानचे मासारू इमोटो यांच्या पुस्तकांनी या गोष्टीला मोठं वळण दिलं. पाण्याशी प्रेमाने बोललं की त्याचे स्फटिक सुंदर होतात, असा त्यांचा दावा होता. विज्ञानाच्या कसोटीला तो उतरला नाही, आणि विद्यार्थ्यांना मी तो कधी खरा म्हणून सांगणार नाही. आपल्या सद्भावनेने पाण्यातला प्राणवायू मिलिग्रॅमभरही वाढत नाही. पण त्या लोकांच्या मायेला मी नावं ठेवत नाही. रोज त्याच पाण्यासमोर गप्प बसणाऱ्या माणसाला त्याचा रंग, वास, आवाज बदललेला लगेच कळतो, आणि कळल्यावर त्याला स्वस्थ बसवत नाही. मला ध्यानाकडून एवढंच हवं आहे, आणि ते थोडं नाही.

ध्यानाच्या जोडीला एक साधन आम्ही वापरतो. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजलं. पाण्याचा नितळपणा मोजायला शास्त्रज्ञ आजही तीच तबकडी वापरतात. आमच्या मुलांनी डब्याचं झाकण पांढरं रंगवलं, मधोमध भोक पाडलं, खाली दगड बांधला आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. डोंग्यातून एक जण झाकण सोडतो, दुसरा गाठी मोजतो. झाकण दिसेनासं झालं ती गाठ वहीत जाते. विसर्जनानंतर गाठी कमी होतात हे मुलांनी स्वतः पाहिलं, मग त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने धानासाठी ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ, पाणी सोडायचं तुडुंब, नहर यांची रोजची देखभाल कोणाचीच उरली नाही. गोंदियाच्या अर्जुनी-मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या ‘फीड’ संस्थेने ढिवरांचं ज्ञान पुढे आणलं. कोणती वनस्पती माशाला अंडी घालायला लागते, कोणती खायला, हे जुन्या जाणत्यांकडून समजून घेऊन तिथल्या महिलांनी बेशरम नावाचं तण उपटलं आणि देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. शासनाची गाळ काढण्याची कामं होतात तेव्हा मशीन सगळा तळ खरवडते, माशांची अन्नाची जागाही. माझं मत स्पष्ट आहे: तलावाचं अंदाजपत्रक ढिवरांना विचारल्याशिवाय होऊ नये.

नदीचं मात्र एवढ्यावर भागत नाही. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावलेली वैनगंगा आमच्या मार्कंड्याला उत्तरेकडे वळते आणि पुढे चपराळ्याला वर्धेला मिळून प्राणहिता होते. महाशिवरात्रीला तिच्यात स्नान करायला गर्दी लोटते. त्या भाविकांतल्या किती जणांना ठाऊक आहे की नागपूरचं सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानमध्ये आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत येते? गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्णी पसरते ती याच खुराकावर. नागपूरच्या नळाखाली भांडी घासणारी बाई आणि मार्कंड्याला ओंजळ भरणारी बाई एकाच पाण्याच्या वाटेकरी आहेत. या सांडपाण्याचं शुद्धीकरण महानगराच्या पैशानेच व्हायला हवं. खालच्या गावांनी कितीही झाडू मारला तरी ते होणार नाही, आणि आम्ही हे अर्जात लिहितो तेव्हा आवाज चढवूनच लिहितो.

आमच्या हातातलं आम्ही ग्रामसभेत मांडलं. फवारणीचे पंप तलावापासून लांब, बांधीच्या धुऱ्यावर धुवायचे. निर्माल्यासाठी पाळीच्या बाहेर खड्डा. नाली तलावाला मिळण्याआधी शोषखड्डा. पहिल्या दोन गोष्टी हात वर करून मंजूर झाल्या. नालीवर बराच वाद झाला, कारण तिला जागा कोणाची द्यायची हा प्रश्न आहे. तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे, आणि गाठींची वही घेऊन मुलंच बोलणार आहेत.