पेशी लोह मागते तेव्हा

वर्ध्याहून नागपूर रस्त्याने निघालं की नालवाडी लागते. मी इथे राहते. माझी सारी नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये गेली. काउंटरवर सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं, तर हे: “मॅडम, मायच्या आंगात रगतच नाही, गोळ्या खाऊन खाऊन थकली.” २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, हे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून कळतं. का कमी आहे, हे मात्र त्या थेंबावरून कळत नाही. ते जाणून घ्यायचं तर पेशीलाच विचारावं लागतं.

आपल्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी घडवते. त्यासाठी रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं, पण आतड्यातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम मिळतं. बाकीचं जुन्या पेशी मोडून निघतं. रक्तातून हे लोह वाहून नेणारं प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन, आणि त्याला धरून आत ओढणारा पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू म्हणजे ट्रान्सफेरिन रिसेप्टर. शास्त्रीय यादीत त्याचं नाव सीडी ७१.

आमच्या भागातल्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी भरून आत जाते, माल उतरवते आणि रिकामी बाहेर पडते. ट्रान्सफेरिनचंही तसंच. लोहाचे दोन अणू घेऊन ते रिसेप्टरला चिकटतं आणि दोघं मिळून पेशीच्या आतल्या एका पिशवीत जातात. तिथली आम्लता वाढली की लोह सुटतं. रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरसकट पृष्ठभागावर परत येतं आणि रक्तात निघून जातं. रिसेप्टर पुढच्या खेपेला तयार.

लोह कमी पडलं की पेशी हे रिसेप्टर जास्त बनवते, भरपूर असलं की कमी. त्यामुळे रिसेप्टर मोजला की पेशीची मागणी कळते. त्याच्यावाचून चालतच नाही. १९९९ साली हा रिसेप्टर अजिबात नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हा ते तेरावा दिवस उजाडण्याआधी गर्भातच दगावले. त्यांना तीव्र रक्तक्षय होता.

पण डोळ्यांना न दिसणारा रेणू मोजायचा कसा? १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीची, ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. १९८४चं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्या रीतीने बनलेलं ‘ओकेटी ९’ हे प्रतिपिंड ट्रान्सफेरिन रिसेप्टरलाच चिकटतं, हे १९८१ साली स्पष्ट झालं. तेव्हापासून अशी कितीतरी प्रतिपिंडं निघाली. माणसासाठीचं वेगळं, उंदरासाठीचं वेगळं. ऑर्डर देताना आधी तेच बघावं लागतं.

प्रतिपिंडाची कुपी फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवतात. चमकणारा रंग जोडलेला असेल तर ती गोठवायची नाही आणि उजेडातही ठेवायची नाही. नमुन्यात काही मायक्रोलिटर टाकायचे, नळी अर्धा तास अंधारात ठेवायची, मग धुऊन फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रात लावायची. मज्जेतल्या घडत्या तांबड्या पेशी पडद्यावर झळाळून वेगळ्या उठतात. पूर्ण वाढलेल्या पेशी चमकत नाहीत, कारण हिमोग्लोबिन भरून झालं की पेशी हा रिसेप्टर टाकून देते. कुपीवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. त्यावरून कुणाचं निदान करायचं नाही.

रुग्णाच्या निदानासाठी वेगळी किट येतात. रिसेप्टरचा एक तुकडा रक्तात सुटतो, तो प्रतिपिंडांनीच मोजतात. फेरिटिन हे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन. त्याच्या नेहमीच्या तपासणीची अडचण अशी की अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन आपोआप वाढतं आणि साठा आहे असं भासतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये निरोगी प्रौढासाठी लिटरला १५ मायक्रोग्रॅम ही कमतरतेची सीमा ठेवली, पण संसर्ग असल्यास ७०. रिसेप्टरची तपासणी अशा सुजेने फारशी बिघडत नाही.

मात्र विदर्भात एवढ्यावर निभावत नाही. आमच्याकडे सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, मज्जा जोराने कामाला लागते आणि लोह पुरेसं असूनही रिसेप्टर वाढलेला दिसतो. वरून, ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह साठत जातं, कारण रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह येतं. अशा रुग्णाला न तपासता लोहाच्या गोळ्या देत राहणं घातक ठरू शकतं. दुसऱ्या बाजूला, सिकलसेल असलेल्या मुलीलाही लोहाची कमतरता असू शकते. ‘सिकल आहे, मग लोह नको’ असं सरसकट म्हणणंही तितकंच चूक.

या रिसेप्टरवरचं संशोधन रक्तापुरतं थांबलेलं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरही तो असतो. त्याला धरणाऱ्या प्रतिपिंडाला औषध जोडलं तर ते मेंदूत पोहोचतं. हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारासाठी असं औषध २०२१ साली जपानमध्ये मंजूर झालं. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी कोवळ्या तांबड्या पेशीत शिरताना हाच रिसेप्टर पकडतो, हे २०१८मध्ये उमगलं.

मला यातून एकच सांगायचं आहे. गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर बाईला दोष देऊन तीच गोळी पुन्हा लिहून देऊ नये. आधी सिकलची सोल्युबिलिटी चाचणी करावी, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस. सोबत फेरिटिन आणि सूज दाखवणारं सीआरपी. एवढं करूनही उलगडा झाला नाही तर रिसेप्टरची तपासणी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या दरात व्हायला हवी. इतक्या सूक्ष्म रेणूला अचूक ओळखणारं प्रतिपिंड माणसाने चाळीस वर्षांपूर्वीच बनवलं. त्याचा फायदा आमच्या खेड्यातल्या बायकांना मिळावा, हा त्यांचा हक्क आहे.