मेंदूचा झटका (भाग ६) : जीव वाचला, पुढे काय?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मागच्या भागात आलंच आहे. ही वेळ गाठण्यासाठी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, काय केलं ते आज पाहू.

२०१० पर्यंत लंडनमध्ये पक्षाघाताचे रुग्ण सुमारे ३० रुग्णालयांत विखुरलेले असत. त्या वर्षी व्यवस्था बदलली. चोवीस तास तज्ज्ञ आणि स्कॅनची सोय असलेली फक्त आठ केंद्रं ठरली. रुग्णवाहिका वाटेतलं जवळचं रुग्णालय सोडून थेट तिथं जाऊ लागली. एरवी अशा वेळी आपण सगळ्यात जवळचा दवाखाना गाठू. पण तिथं पोचूनही रात्री स्कॅन वाचणारं कुणी नसेल, तर वाचवलेली दहा मिनिटं वायाच जातात.

त्याच वर्षी मँचेस्टरनंही फेररचना केली. फरक एवढाच, की तिथं लक्षणं सुरू होऊन चार तास उलटायच्या आत आलेल्यांनाच मोठ्या केंद्रात नेत, तर लंडनमध्ये सगळ्यांनाच. या दोन शहरांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. लंडनच्या रचनेमुळे वर्षाला सुमारे ९६ जीव अधिक वाचत होते. मँचेस्टरमध्ये मृत्यूंचं प्रमाण उर्वरित इंग्लंडपेक्षा वेगळ्या गतीनं घटल्याचं दिसलं नाही. मग २०१५ मध्ये मँचेस्टरनं आपली योजना बदलून सर्वांना केंद्रांत न्यायला सुरुवात केली. आपल्या योजनेची उणीव मोजून, ती मान्य करून दुरुस्त करणं सरकारी यंत्रणेला जमतं, हे मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

मात्र वाचलेला माणूस घरी आला की चित्र बदलतं. हात उचलत नाही, शब्द सापडत नाहीत, घास गिळताना ठसका लागतो. अंगातला थकवा तर बाहेरच्यांना दिसतही नाही. इंग्लंडच्या २००७ च्या राष्ट्रीय धोरणात सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी व्हावी असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांची तपासणीही अनेकांच्या वाट्याला येत नाही. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत गरजेच्या प्रत्येक थेरपीला रोज किमान ४५ मिनिटं द्यावीत, असं होतं. २०२३ मध्ये ती अपेक्षा आठवड्यातले निदान पाच दिवस, रोज किमान तीन तासांवर गेली. हे योग्यच झालं. पण तितके फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहेत कुठे? केंद्रं ठरवून रुग्णवाहिकांचे मार्ग बदलता येतात. रुग्णाशेजारी महिनोन्‌महिने बसणारी माणसं मात्र शिकवून तयार करावी लागतात, नोकरीत टिकवावी लागतात. माझ्या मते एनएचएसची खरी कसोटी इथं आहे.

सौम्य किंवा मध्यम पक्षाघाताच्या रुग्णाला लवकर घरी सोडून थेरपिस्टांचं पथकच घरी पाठवण्याची पद्धत तिथं आहे. तिनं पुढचं परावलंबन कमी होतं, हे चाचण्यांतून दिसलं आहे.

तुमच्या घरचा रुग्ण ब्रिटनमध्ये असो वा सांगलीत, डिस्चार्जचा कागद हाती घेण्याआधी विचारा : थेरपी कोण देणार, कधीपासून आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला? उत्तर लेखी मागा.