घरून ऑफिसचं टॅली उघडत नाही? आधी हे बघा

उद्या २० तारीख. जीएसटीआर-३बी भरायचाय आणि घरच्या लॅपटॉपवर ऑफिसचा स्क्रीनच येत नाही. घाबरू नका, क्रमाने तपासा.

१. व्हीपीएन कनेक्ट आहे का?
२. ऑफिसचा पीसी स्लीपमध्ये गेलाय का? सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा.
३. पीसीचा आयपी बदललाय का? राउटरमध्ये तो कायमचा ठरवून घ्या.
४. पीसीवर विंडोज होम आहे? मग रिमोट डेस्कटॉपने तो उघडणारच नाही, प्रो लागतं.

"व्हीपीएनची कटकट नको, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून देतो," असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. चोर हेच दार शोधत असतात. आत शिरले की तुमचाच डेटा कुलूपबंद करून पैसे मागतात.

घाई नसताना, आजच एकदा घरून उघडून बघा!