आई होणारे यंत्र

मागच्या सुट्टीत पुसदच्या आमच्या घरी सगळी मुले जमली होती. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी ‘द वाइल्ड रोबोट’ हा कार्टून चित्रपट लावला. मुलांसोबत आम्हीही बसलो, ते शेवटपर्यंत उठलो नाही.

पीटर ब्राऊन यांच्या २०१६ च्या पुस्तकावर हा चित्रपट २०२४ मध्ये निघाला. रोझ नावाची रोबोट माणसांची वस्ती नसलेल्या बेटावर येऊन पडते. तिच्या हातून रानहंसाचे घरटे चिरडते, एकच अंडे वाचते. त्यातले पिल्लू तिलाच आई समजते.

‘मशीनला कुणी आई समजेल का?’ एका मुलाने विचारले. दादी म्हणाल्या, ‘आपल्या खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती, विसरलास? पिल्लं पाण्यात उतरली की ही काठावर जीव टाकायची.’ शास्त्रही हेच सांगते. कोनराड लॉरेन्झ यांच्यामागे हंसाची पिल्ले आईसारखी चालत. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले.

दिग्दर्शक ख्रिस सँडर्स यांना हे पुस्तक मुलीमुळे ठाऊक झाले. त्यांनी रोझला तोंड दिले नाही, भुवयाही नाहीत. मग माया दिसावी कशी? डोळ्यांतल्या प्रकाशातून, हालचालींतून आणि आवाजातून. लुपिता न्योंगो यांनी सुरुवातीला फोनमधल्या मदतनिसासारखा कोरा, उत्साही आवाज लावला. पिल्लू वाढते तसा तो आवाज हळूहळू ओलावत जातो. जंगलही कॉम्प्युटरचे गुळगुळीत नाही, ब्रशने रंगवल्यासारखे आहे. १९४२ चा ‘बँबी’ आणि जपानच्या मियाझाकींची चित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ऑस्करसाठी चित्रपटाला तीन नामांकने मिळाली.

हे सगळे आम्हाला इतके भिडले, त्याला कारण आहे. आमच्या घरातला एक मुलगा लहानपणीच आईला मुकला. चाचीने त्याला वाढवले. तरी येणारेजाणारे त्याच्यासमोरच म्हणत, ‘सख्खी नाही हो ही.’ आम्हीही ऐकून गप्प बसायचो.

चित्रपटात पिल्लाला खरी गोष्ट कळते, तेव्हा तो चाचीकडे सरकला. काही बोलला नाही. चाचीने पदर त्याच्या अंगावर ओढला.

त्या रात्रीपासून आम्ही ठरवले आहे, हा शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारला तर तिथेच थांबवायचे. पाहुणा कितीही मोठा असो.